मागून आणलेल्या तुकड्यांचा झगा

गंगूवैनींनी पिशवी उपडी केली आणि देवळाच्या पडवीत चिंध्यांचा ढीग पडला.

"ह्याचा झगा शिवायचा हाय," त्या म्हणाल्या. "पोरीच्या मापाचा."

मी ढिगाकडे बघितलं. लुगड्यांचे काठ, धोतराची पट्टी, कुणाच्या तरी चोळीची बाही, जुन्या सदऱ्याची कॉलर. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. एक तुकडा तर चक्क पायपुसण्याचा होता.

"वैनी, हे कापड नाही, बोहारणीचा बोजा आहे," मी म्हटलं. "तुमच्या घरी काय कमी आहे? महाडच्या बाजारातून चांगलं कापड आणा. मी फ्रॉक कापून देते."

"नको. ह्याचाच पायजे."

बस. पुढे तोंडाला कुलूप.

मी तेव्हा ग्रामसेविका होते. सरकारने खेड्यांच्या विकासासाठी ब्लॉक पाडले होते. आमच्या ब्लॉकचं ऑफिस महाडला होतं आणि महाड-वरंध रस्त्यावरची काही गावं माझ्याकडे होती. बायकांना शिवण शिकवायचं, बालवाडी चालवायची, मुलांना काय खाऊ घालावं ते सांगायचं आणि या सगळ्याचा ऑफिसात रिपोर्ट द्यायचा. मी महाडच्या पेठेतली, गावात खोली घेऊन एकटी राहत होते. शिवणाचा क्लास दुपारी देवळाच्या पडवीतच भरे. एक हातमशीन होतं आणि एक चांगली कात्री. कात्री मी कुणाच्या हातात देत नसे, त्यावरून बायका मला हसत. हसोत बापड्या. खराब कात्रीने कापलेला गळा कुणालाच नीट बसत नाही.

गंगूवैनींचं घर गावात खातंपितं होतं. भाताची खाचरं, गोठ्यात दुभती म्हैस. पण त्यांची मुलं जगत नव्हती. तीन बाळं पाळण्यातच गेली. शेवटी त्यांच्या नवऱ्याने, विठोबाअण्णांनी, दत्तक घ्यायचं ठरवलं आणि सगळी भावकी थक्क झाली, कारण त्यांनी मुलगी दत्तक घेतली. नवा कायदा नुकताच आला होता, त्यात मुलगीही चालत होती. महाडच्या वकिलांनी कागद केला. मुलीचं नाव शेवंती. गंगूवैनींच्या चुलतबहिणीची पोर. आई वारलेली, बाप मुंबईत गिरणीत, तिथे त्याने दुसरं लग्न केलेलं. पोर वरंधला आजीजवळ होती आणि आजी थकत चालली होती.

गावाचं म्हणणं एकच. मुलगी काय, आज ना उद्या परक्या घरी जायची, तिला दत्तक कशाला? विठोबाअण्णांच्या थोरल्या भावाला तर मुलगे होते. त्यातला एक इकडे येईल, असं सगळ्यांनी मनात धरलं होतं. थोरल्या जावेने तर फारच धरलं होतं. दोघी जावांचं बोलणं शेताच्या बांधाच्या भांडणावरून आधीच बंद होतं. शेवंती आल्यावर एकमेकींकडे बघणंही बंद झालं.

शेवंती सातएक वर्षांची होती. कामाला चलाख, बोलायला नाही. घरात पाहुण्यासारखी राही. वाढलं तेवढं जेवी, दुसऱ्यांदा मागत नसे. गंगूवैनी मला एकदा म्हणाल्या होत्या, "बाय, पोर लय गुनाची हाय गो. पन मला तिचा गुन नको, हट्ट पायजे." माझ्या ट्रेनिंगमध्ये हट्टावर एक अख्खा धडा होता, पण तो कमी कसा करावा याबद्दल होता.

तर झगा. झगा म्हणजे आपला फ्रॉक. मी म्हटलं, बाई हट्टाला पेटलीच आहे तर निदान काम नीट होऊ दे. चिंध्या सोडा घातलेल्या गरम पाण्यात उकळून घेतल्या. वाळल्यावर वाटण्या केल्या. जाड तुकडा पातळ तुकड्याला जोडायचा नसतो, कारण पहिल्याच धुण्यात जाड कापड पातळाला फाडतं. मग पुठ्ठ्याचा एक चौकोन कापून त्या मापाने सगळे तुकडे कापले. तुकड्याला तुकडा जोडून पट्ट्या केल्या, पट्टीला पट्टी जोडून चादर केली आणि त्यावर पेपर पॅटर्न ठेवला. पेपर पॅटर्न म्हणजे वर्तमानपत्रावर कापून घेतलेलं माप. कापड महाग, कागद स्वस्त, म्हणून चूक करायची ती कागदावर. वैनी टाके बारीक घालत. पायपुसण्याचा तुकडा मी दोनदा बाजूला टाकला आणि दोनदा त्यांनी तो उचलून परत पट्टीत लावला.

हा काय प्रकार आहे ते मला क्लासमधल्या एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं, तेही वैनी पाणी प्यायला उठल्या तेव्हा.

"मागून आनलंय बाय ते. दारोदार फिरली."

ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिने पुढच्या मुलासाठी पदर पसरून घरोघरचं जुनेर मागायचं आणि त्याचं अंगडं मुलाला घालायचं, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. हे मूल भिकेचं, कुणाच्या डोळ्यावर येण्यासारखं नाही, असं दाखवायचं. मग ते टिकतं. कित्येक भिकाजी आणि भिकूबाई याच रीतीने जगलेल्या. मात्र कशासाठी मागितलं ते आईने बोलून दाखवायचं नाही. बोललं की फळत नाही. म्हणून ते कुलूप.

अशा समजुती मोडून काढायच्या, असं आम्हाला शिकवलेलं होतं. पण माझा आपला एक हिशेब होता. ज्या समजुतीने मूल उपाशी राहतं किंवा औषधाविना राहतं तिच्याशी भांडायचं. बाकीच्यांना हात लावायचा नाही, आयुष्य पुरत नाही. चिंध्या उकळून घेतल्या होत्या, त्यात कुणाचं काय बिघडणार होतं?

बिघडलं ते दुसरीकडूनच. झगा तयार झाला आणि त्याच आठवड्यात आमचे बीडीओ साहेब जीपमधून टूरवर आले. बीडीओ म्हणजे ब्लॉकचे मुख्य अधिकारी. माणूस चांगला, पण उत्साही, आणि उत्साही साहेबापेक्षा आळशी साहेब हाताखालच्यांना बरा पडतो. त्यांनी दोरीवरचा झगा पाहिला.

"वा! वेस्ट युटिलायझेशन! टाकाऊतून टिकाऊ! हा पोलादपूरच्या प्रदर्शनात लावायचा."

"साहेब, तो घरच्या वापराचा आहे."

"मग तर उत्तमच. वर पाटी लावा, 'चिंध्यांपासून बालकाचा पोशाख'. आणि हे घ्या." त्यांनी जीपमधून छापील चिटाचा तागा काढला. पिवळ्यावर बारीक तांबडी फुलं. "याचा एक नमुन्याचा फ्रॉक करा. दोन्ही शेजारी लावू. नवा आणि जुना."

"झगा मिळणार नाही, साहेब."

"का?"

खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच समजुतींवर भाषण दिलं असतं. मी म्हटलं, "मूल तो घालणार आहे. प्रदर्शनात मूल टांगता येत नाही." साहेब हसले आणि चीट ठेवून गेले. विषय तात्पुरता मिटला.

दुसऱ्या दिवशी शेवंती झगा घालून शाळेत गेली. तिथे पोरांनी तुकडे ओळखले. लहान गाव, कुणाच्या आईचं कुठलं लुगडं ते पोरांना तोंडपाठ. ह्यो आमचा काठ, ह्यो आमच्या बाबाचा सदरा, असं करत सगळी तिच्याभोवती जमली. पोरांना ती गंमत वाटत होती. तेवढ्यात थोरली काकी पाणी घेऊन शाळेवरून चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "बघताव काय रे? भिकेचा झगा हाय तो. दत्तक पोरीला कोन नवा कापड घील?"

शेवंती रडली नाही. घरी आली, झगा काढला, नीट घडी करून पडवीत ठेवला, आजीकडून येताना आणलेला परकर नेसली आणि वरंधची वाट धरली. ओळखीच्या एका गाडीवानाने तिला बैलगाडीत घेतलं आणि आजीच्या दारात सोडलं, म्हणून काळजी मिटली. पण ती परत यायला तयार होईना. विठोबाअण्णा आणायला गेले तर म्हणाली, "मी हितंच भाकऱ्या भाजीन."

भावकीला आयतंच सापडलं. पोरीचं मनच नाही तर जबरदस्ती कशाला, दत्तक मोडून टाका, असं थोरला भाऊ चारचौघांत बोलला. वकील म्हणाले, एकदा झालेलं दत्तक असं मोडत नाही, कागद पक्का आहे.

गंगूवैनी घडी केलेला झगा घेऊन माझ्या खोलीवर आल्या. उंबऱ्यातच बसल्या.

"कागद ऱ्हाईल बाय," त्या म्हणाल्या. "पोर जाईल. तिघं गेली ती देवानं नेली. ही माझ्या हातानं गेली."

मग त्या रडल्या. मला रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते कधीच कळलेलं नाही. मी चहा ठेवला.

"तिला खरं का सांगत नाही?" मी विचारलं.

"मी बोलायचं नाय. बोलले आनि उद्या तिला ताप आला तर?"

"मग नवा फ्रॉक घाला. हा राहू दे."

"आनि हा अंगाला लागला नाय तर मागून काय उपेग?"

असा पेच. झगा घातला तर पोर पळते, न घातला तर आईचा जीव राहत नाही. मला राग आला होता, थोरलीचा, रीतीचा आणि थोडा गंगूवैनींचाही. इतकी शहाणी बाई! सात वर्षांच्या पोरीला डोळे असतात हे विसरली. ही रीत तान्ह्या बाळासाठी. तान्ह्याला कुठे कळतं अंगावर काय आहे ते? पण हिने आजवर तान्हीच वाढवली होती, मोठं मूल घरात कधी पाहिलंच नव्हतं.

चहा उकळेपर्यंत मी झगा हातात घेऊन उलटसुलट केला. आणि मग जे सुचलं ते खरं तर शिवणाच्या पहिल्या वर्षातलं होतं.

"वैनी, तुकडे अंगाला लागले पाहिजेत. लोकांना दिसले पाहिजेत असं काही आहे का?"

त्यांनी विचार केला. "तसं कुनी सांगितलं नाय."

"मग अस्तर करू."

अस्तर म्हणजे कपड्याच्या आतला कपडा. कोटाला असतं, चोळीला असतं. वरचं कापड जगासाठी, अस्तर अंगासाठी. वैनींच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं.

"अंगाला लागंल?"

"अस्तरच लागतं."

"मग चालंल."

साहेबांचं पिवळं चीट काढलं. तुकड्यांच्या झग्याच्या बाह्या काढून टाकल्या, बाजूच्या शिवणी उसवल्या आणि त्याच मापाने वरचं कापड कापलं. वाढत्या पोरीसाठी शिवणीच्या आत चांगली बोटभर माया, जादा कापड, ठेवली, म्हणजे पुढे उसवून मोठा करता येतो. अस्तर गळ्याला आणि बगलेला जोडलं. खालचा घेर मात्र मोकळा ठेवला. दोन्ही कापडं खाली एकत्र शिवली तर एक आकसतं, दुसरं लोंबतं आणि फ्रॉक फुगतो. काम दोन दुपारी चाललं. क्लासच्या बायकांना मी अस्तराचा धडा म्हणून तोच दाखवला. कुणी काही विचारलं नाही. तुकडे त्यांच्याच घरचे होते, सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"आता राहिलं सांगणं," मी वैनींना म्हटलं. "तुम्ही बोलायचं नाही. मी बोलले तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी कुठं मागितलंय? तुमाला काय बंधन नाय."

वरंधला आम्ही एसटीने गेलो. शेवंती अंगणात शेणाने सारवत होती. आम्हाला बघून उठली नाही. आजी ओट्यावर बसलेली. म्हणाली, "गंगे, पोर काय ऐकत नाय बघ. ऱ्हाऊ दे हितं. पन मी किती पुरनार?"

मी पदर खोचला आणि पोरीच्या शेजारी उकिडवी बसले. लहान मुलांशी गोडगोड बोलणं मला जमत नाही. मी सरळ विषयाला हात घातला.

"शेवंते, तो झगा भिकेचाच होता. तुझी काकी खोटं बोलली नाही."

तिचा हात थांबला.

"ज्या बाईची मुलं मरतात ती पुढच्या मुलासाठी असं मागते. आपल्या स्वतःच्या मुलासाठी. दुसऱ्याच्या पोरासाठी कुणी मागत नाही. दुसऱ्याच्या पोराला फार तर नवं कापड घेऊन देतात. तुझ्या मावशीला आधी तीन बाळं झाली. एकही राहिलं नाही. तू तरी राहावीस म्हणून ती दारोदार फिरली. हे तिने बोलायचं नसतं म्हणून मी सांगतेय."

गंगूवैनी अंगणाच्या कडेला, बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी उभ्या होत्या. आत येत नव्हत्या.

शेवंतीने मान वर केली, माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

"थोरल्या काकीकडं बी गेलीस?"

वैनींनी बोलू का अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एवढं सांगायला हरकत नाही. गेलात की नाही, एवढंच विचारतेय ती."

"गेले."

"ती तुझ्याशी बोलत नाय ना?"

"नाय बोलत."

"मंग काय म्हनली?"

"म्हनली, दारात थांब. मंग आतनं पायपुसनं आनलं नि टराटरा फाडून तुकडा टाकला."

"पायाशी?"

"पायाशी."

"आनि तू उचललास?"

"उचलला," गंगूवैनी म्हणाल्या. "तुझ्यासाठी व्हता."

ज्या बाईने आयुष्यात शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं तिचं हे बोलणं. मी उगाच पिशवीचे बंद सोडायला लागले.

शेवंती उठली. घंगाळात हात धुतले, परकराला पुसले आणि मग माझ्याजवळ येऊन फ्रॉक मागितला. पिवळ्या फुलांकडे तिने बघितलंही नाही. घेर उलटा केला, आत हात घालून तुकडा तुकडा चाचपत गेली आणि जाड लागला तिथे थांबली.

"ह्यो?"

"ह्योच."

संध्याकाळच्या एसटीने आम्ही तिघी परत आलो. फ्रॉक तिने अंगात घातला होता. खिडकीशी बसायचं म्हणून तिने मावशीला उठवलं, आणि मावशी अशा आनंदाने उठली की कंडक्टर बघत राहिला.

राहिलं प्रदर्शन. साहेबांनी विचारलं, "चिटाचा नमुना कुठे आहे?"

"शाळेत गेलाय."

"आणि तो चिंध्यांचा?"

"तोही त्याच्या आतून गेलाय."

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अहो, पण साध्या चिटाच्या फ्रॉकला अस्तर? नाकापेक्षा मोती जड!" पोलादपूरला आमच्या ब्लॉकच्या नावावर दोन पिशव्या आणि एक अभ्रा लागला. बक्षीस शेजारच्या ब्लॉकला गेलं. साहेब महिनाभर माझ्याशी मोजकं बोलत होते. मला त्याचा आरामच झाला.

थोरली जाऊ पुढेही तशीच राहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. शेवंती गंगूवैनींना शेवटपर्यंत मावशीच म्हणाली. त्यांनी कधी बदलायला लावलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर गंगूवैनी क्लासला आल्या त्या जरा चिडूनच. वर्ष सुखरूप गेलं होतं, पोरीला साधा खोकला झाला नव्हता. आता मागितलेलं कापड नदीत सोडायचं, म्हणजे रीत पुरी होते. म्हणून त्यांनी फ्रॉकचं अस्तर उसवायला घेतलं, तर शेवंतीने फ्रॉक हिसकावला आणि सगळी आळी डोक्यावर घेतली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हनते, माझ्यासाठी मागितलास ना? मंग माझा हाय. नदीला नाय देनार." गंगूवैनींनी कपाळावर हात मारला. "बाय, इतकी हट्टी पोर मी नाय बघितली. भुईवर लोळली! वरचं फाटलंय ते बदला म्हनते, आतलं हाय तसं ठेवा."

बोलता बोलता त्या थांबल्या. आपण काय बोलतो आहोत ते बहुधा तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. मी कात्री काढली आणि नव्या कापडावर माप टाकायला घेतलं.

फ्रॉकला अस्तर केव्हा लावावे, असा प्रश्न आमच्या ट्रेनिंगच्या परीक्षेत होता. कापड विरळ असेल तर, असं मी लिहिलं होतं आणि मला पूर्ण मार्क मिळाले होते.